विट्याजवळच्या पाझर तलावात गळ टाकतोय, नुसती चिलापीच लागतेय

येरळाकाठ:
नमस्कार मंडळी. मामाच्या गावाला वर माळावर पाझर तलाव आहे, ७२ च्या दुष्काळात सुकडी खाऊन लोकांनी खणलेला, माझी आज्जी पण त्या कामावर होती. रस्ता नाही, काही नाही, नुसत्या बाभळी आणि एका कडेला पाणकणीस. तीन रविवार झाले पहाटे जाऊन बसतोय, गांडूळ लावलं की लगेच दोरीवरचं तरंगतं भेंड हलतं आणि बोटाएवढी चिलापी येते, बास. पण पाणकणसाजवळ दर थोड्या वेळानं काहीतरी मोठं वर येऊन 'गुळुक' करून खाली जातं, ते काय असेल? आणि रोहू हवा असेल तर त्याचं बी, म्हणजे बारकी पिल्लं, आणून सोडू का?

गळवाला_कराड:
दादा ती मरळ आहे, डोळे झाकून सांगतो. तिला नुसत्या पाण्यातल्या हवेवर भागत नाही, वर येऊन श्वास घ्यावाच लागतो, तोच गुळुक. गांडूळ सोडा, जिवंत बेडकी नाहीतर रबरी बेडूक घ्या, पाणकणसाच्या कडेनं सावकाश ओढत आणा, आणि धरली की लगेच हिसका देऊ नका, तिला नीट तोंडात घेऊ द्या. पण पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिल्लांचा घोळका फिरताना दिसला तर गळ गुंडाळून घरी जा, खाली त्यांचे आईबाप राखण करत असतात, ते काढले की बाकीचे मासे अख्खा घोळका तासाभरात फस्त करतात. मी एकदा काढलीय अशी, पिल्लं तिथंच गोल गोल फिरत राहिलेली अजून डोळ्यासमोर येतात.

माणदेशी_माळ:
कराडकरांचं बरोबर, त्यात एक भर. चिलापी तोंडात अंडी सांभाळते, त्यामुळं तिची पैदास लई, आणि अशा छोट्या पाण्यात तिला आवरणारी मरळच. सगळ्या मरळी काढल्या की तळं बोटाएवढ्या चिलापीनंच भरणार. एखादी न्या, बाकी राहू द्या.

रोहू, कटला, मृगळ साठलेल्या पाण्यात आपोआप वाढत नाहीत, त्यांना अंडी घालायला वाहतं पाणी लागतं. म्हणजे तिथं रोहू सापडला तर बहुतेक कुणीतरी पैसे घालून बी सोडलंय. आधी ग्रामपंचायतीत विचारा, तलाव ठेक्यानं मच्छीमार सोसायटीकडं असतो बऱ्याचदा. आणि मनानं बी अजिबात सोडू नका, आमच्याकडं एकानं आफ्रिकन मांगूर सोडला, बंदी असलेला, त्या तळ्यात आता दुसरं काही दिसत नाही.

गळवाला_कराड:
रोहू असलाच तर शेंगपेंड भिजवून कणकेत मळा, सुपारीएवढा गोळा, आदल्या संध्याकाळी त्याच जागी मूठभर पेंड टाकून ठेवा. तळाशी बुडबुड्यांची रेघ सरकताना दिसली तर मृगळ नाहीतर सायप्रिनस (कॉमन कार्प मासा), तिथं गळ तळाला टेकू द्या.

येरळाकाठ:
आभार दोघांचे. ग्रामपंचायतीत विचारलं, ठेका कुणाकडं नाही, घरी खाण्यापुरतं धरा म्हणाले. आज पहाटे गळ न टाकता नुसता बसलो तासभर. पाणकणसाजवळ लाल पिल्लं आहेत! पाण्याला उकळी फुटल्यासारखी दिसतात, आणि खालनं एक काळी सावली बरोबर सरकते. आज्जीला मोबाईलवर दाखवली. आता दिवाळीनंतरच बेडूक बाहेर काढतो.