मदत हवी आहे: बेटावर समुद्राला लागून छोटं बुटीक हॉटेल, बजेटमधलं. लवकर सांगा!

अनगोळ_नाका: नमस्कार मंडळी. दोन हॉटेलं काढून ठेवलीयत. दोन्ही बीचला लागून, दहा-बारा कॉटेजची, उगीच भपका नाही. एक ३ नंबरला आहे, दुसरं ५ नंबरला. फोटो दोन्हीचे झकास. बजेट पाच. बायको ५ म्हणते, मी ३ म्हणतो. ऑफर आज रात्री बारापर्यंतच आहे, त्यामुळं इतिहास-भूगोल नको, कुठलं घेऊ एवढंच सांगा.

खानापूर_गेट: ३ नंबर, ५ नंबर काय? बसचे नंबर आहेत का? कुठलं बेट ते तरी लिहा की.

निपाणीकर: पाच म्हणजे रात्रीचे पाच हजार, की सगळी ट्रिप पाच लाख?

अनगोळ_नाका: हॅवलॉक हो. रात्रीचे पाच हजार. आता सांगा.

टिळकवाडी_कट्टा: हॅवलॉक नव्हे, स्वराज द्वीप. २०१८ ला नाव बदललंय. पोर्ट ब्लेअरचंही २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं.

अनगोळ_नाका: त्यानं खोलीचं भाडं कमी होतंय का?

घटप्रभा_डायव्हर: अंदमान कशाला? आपल्या कर्नाटकातच नेत्राणी बेट आहे, मुरुडेश्वरहून बोटीनं. पाण्याखालचे मासे बघून वेड लागेल.

खानापूर_गेट: नेत्राणीवर कुणी राहत नाही. हॉटेल काय, चहाची टपरीसुद्धा नाही. माणूस खोली विचारतोय.

माजी_फौजी_हलगा: पोर्ट ब्लेअरला पोस्टिंग होतं, म्हणून लिहितो. ३ नंबर म्हणजे गोविंदनगर, ५ नंबर विजयनगर. दोन्ही बेटाच्या पूर्वेला. सूर्योदय अंगणातनं दिसतो, पण ओहोटी लागली की पाणी लांब जातं आणि खालचे दगड, मेलेलं प्रवाळ उघडं पडतं. अनवाणी गेलात तर तळवे कापतात. तुम्ही बघितलेले फोटो भरतीचेच असणार, ओहोटीचा फोटो कुठला हॉटेलवाला टाकेल? मनसोक्त डुंबायचं तर ७ नंबर, म्हणजे राधानगर. ते पश्चिमेला आहे, सगळी वाळू. पण किनाऱ्याजवळ ताज आणि तसलीच मोजकी, पाच हजारांत भागायचं नाही. तेव्हा ३ की ५ हे नंतर ठरवा. समुद्र बघायचाय की समुद्रात उतरायचंय, ते आधी सांगा.

अनगोळ_नाका: उतरायचंय तर. पोरगा चार वर्षांचा आहे, त्याला पाण्यातनं ओढून काढायला लागतंय.

निपाणीकर: पोरगा आहे हे आत्ता सांगताय होय!

चोर्ला_मार्गे: चार वर्षांच्या पोराला घेऊन एवढं लांब जायचंच कशाला? सकाळी चहा घेऊन निघा, जेवायला गोव्याच्या बीचवर. निम्म्या पैशात.

खानापूर_गेट: चोर्ल्याचं नाव काढू नका. त्या रस्त्यानं कंबरेचे मणके मोजता येतात. अनमोडनं जावं.

चोर्ला_मार्गे: अनमोडला ट्रकमागं रांगेत उभं राहायला तुमच्याकडं वेळ आहे, आमच्याकडं नाही.

अनगोळ_नाका: घाट राहू दे हो! खोली सांगा खोली.

माहेर_कारवार: भाऊ, कधी जाताय? कुणी विचारलंच नाही.

अनगोळ_नाका: दिवाळीत. लक्ष्मीपूजन घरी करून दुसऱ्या दिवशी निघायचं.

माहेर_कारवार: म्हणजे ऐन अमावास्येच्या पाठीवर. उधाण असणार. भरती जेवढी चढेल तेवढीच ओहोटी लांब जाईल, आणि फौजीकाका म्हणतात ते दगड जास्तीत जास्त दिसतील ते याच दिवसांत. सप्तमी-अष्टमीला भांग असतो, तेव्हा पाणी एवढं आत-बाहेर करत नाही. सुट्टी पुढं ढकलता आली तर बघा. नाही तर त्या तारखांच्या भरतीच्या वेळा काढा, पण तिथल्याच. कारवारचं कोष्टक तिकडं चालत नाही.

माजी_फौजी_हलगा: ताई बरोबर बोलल्या. त्यात आणखी एक. घड्याळ आपलंच, पण ती बेटं फार पूर्वेला. नोव्हेंबरात साडेपाचला अंधार पडलेला असतो. 'संध्याकाळी जाऊ पाण्यात' हा बेळगावचा हिशोब तिथं चालत नाही. पहाटे पाचला उठा, पोराला भरतीच्या वेळी उतरवा. आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला पाऊस असतोच थोडाफार. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात.

निपाणीकर: तिकडं मगरी आहेत म्हणे?

माजी_फौजी_हलगा: खाऱ्या पाण्यातल्या आहेत. २०१० मध्ये राधानगरजवळ एक अमेरिकन पर्यटक मगरीच्या हल्ल्यात गेली होती. लाइफगार्ड दाखवतो त्याच पट्ट्यात उतरायचं, कडेच्या खाडीकडं जायचं नाही. घाबरवत नाही, सांगून ठेवतो.

शहापूरची_सूनबाई: मी म्हणते हॅवलॉकचा हट्ट का? नील घ्या. भरतपूर बीच उथळ आहे, जेट्टीला लागूनच, लहान मुलांना एकदम छान. बेट एवढंसं, रिक्षानं निम्म्या दिवसात पालथं होतं. आम्हाला खोलीही स्वस्त पडली.

टिळकवाडी_कट्टा: नील नव्हे, शहीद द्वीप.

माजी_फौजी_हलगा: ओहोटीला भरतपूरलाही प्रवाळ उघडं पडतं, सूनबाई. आणि दिवाळीत दोन बेटं करायची म्हणजे बोटीची आणखी तिकिटं. चार दिवसांत पळापळ होईल.

शहापूरची_सूनबाई: काका, तुमची पोस्टिंग कधीची? आम्ही परवा-परवाच जाऊन आलोय. नीलला तो दगडी नैसर्गिक पूलही आहे, तो ओहोटीलाच बघता येतो. म्हणजे यांना अमावास्या फायद्याचीच की.

अनगोळ_नाका: दगडांवरनं चालायला लागतंय का? सासूबाई बरोबर आहेत, त्यांचा गुडघा दुखतो.

निपाणीकर: सासूबाईपण! अजून कोण कोण आहे गाडीत?

अनगोळ_नाका: तेवढीच चौघं. त्या शाकाहारी.

शहापूरची_सूनबाई: मग पूल राहू द्या, शेवाळलेले दगड आहेत. जेवणाची काळजी नको. तिथं फाळणीनंतर पूर्व बंगालातनं आलेल्यांची वस्ती आहे, मासे जोरात, पण भात-डाळ-भाजीची थाळी बहुतेक ठिकाणी मिळते. भाकरी मिळणार नाही, चटणी बरोबर न्या.

सांबरा_रनवे: विमान किती वाजता उतरतंय?

अनगोळ_नाका: बेळगाव-बेंगलोर, रात्री तिथं मुक्काम, मग दुसऱ्या विमानानं पोर्ट ब्लेअर दुपारी तीनला. त्याच दिवसापासनं हॅवलॉकला चार रात्री धरल्यात.

सांबरा_रनवे: तीनला उतरून त्या दिवशी हॅवलॉक गाठता येणार नाही. बोटी सकाळपासनं दुपारपर्यंत. पहिली रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढायची. शेवटच्या दिवशीही तसंच, परतीचं विमान सकाळचं असेल तर आदली रात्र तिथंच. ती ऑफर रद्द केल्यावर पैसे परत देते का?

अनगोळ_नाका: नाही. म्हणूनच स्वस्त आहे.

सांबरा_रनवे: दिवाळी, पावसाची शक्यता, बोट रद्द होऊ शकते, आणि तुम्ही पैसे अडकवून बसणार? थोडे जास्त द्या, पण रद्द करता येईल असाच दर घ्या. समुद्राकडं तोंड असलेल्या कॉटेजचा हट्टही सोडा. त्याच हॉटेलात मागच्या बागेतली खोली घ्या, चाळीस पावलं जास्त. भाडं ७,५०० च्या वर गेलं की जीएसटी ५ टक्क्यांचा १८ होतो, दिवाळीच्या भावात ती रेघ पटकन ओलांडली जाते.

माहेर_कारवार: हॉटेलात फोन करून चार गोष्टी विचारा. त्या तारखांना ओहोटीला किनारा कसा दिसतो त्याचा व्हिडिओ. सासूबाईंना तळमजल्याची खोली. लाईट गेली तर जनरेटरवर एसी चालतो की नुसता पंखा. वाळूतल्या बारीक माशा संध्याकाळी चावतात का. पोरांच्या अंगावर फार गांधी उठतात.

अनगोळ_नाका: ३ नंबरवाल्याला फोन केला. व्हिडिओ मागितल्यावर हसला, पण पाठवला. काका म्हणाले तसंच आहे, नुसते दगड. बागेतली खोली बजेटमध्ये बसतेय, रद्दही करता येते. तीच दोन रात्री घेतली, पोराला रोज रिक्षानं राधानगरला नेणार. जेट्टी ५ नंबरपेक्षा जवळ, सासूबाईंना बरं. बायकोला अजून सांगितलं नाही. आता बोट कुठली? सासूबाईंना चोर्ल्यातसुद्धा उलट्या होतात.

चोर्ला_मार्गे: बघा, चोर्ला आलाच शेवटी.

माजी_फौजी_हलगा: खासगी बोटी वेगवान, पण बहुतेक बंद एसी केबिनच्या. मळमळणाऱ्याला तिथं जास्त त्रास. सरकारी बोट हळू जाते, पण डेकवर वाऱ्याला बसता येतं, आणि स्वस्त. तिकीट मिळायला मात्र दमछाक होते. खासगीच मिळाली तर मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची सीट मागा, उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून निघायच्या आधी द्या, आणि पोटात थोडं काहीतरी असू द्या. येताना पोराच्या खिशात शंख-प्रवाळ नाहीत ना बघा, विमानतळावर काढून घेतात.

निपाणीकर: सासूबाईंचं ओळखपत्र आठवणीनं घ्या. बोटीलाही लागतं.