दहावीनंतर वैद्यकीय शाखेकडे वळावे का? गणित सोडण्यापूर्वी मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई तालुक्यात राहते आणि यंदा दहावीची परीक्षा दिली आहे. अकरावीच्या प्रवेशाचा अर्ज भरताना विषयगट निवडावा लागेल, आणि सध्या घरात चर्चा एवढीच आहे की जीवशास्त्राबरोबर गणितही ठेवायचे, की ते सोडून सगळा वेळ 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या तयारीला द्यायचा. डॉक्टर व्हायचे की नाही, हे मात्र मला कुणी विचारलेले नाही. ते ठरलेलेच आहे असे सर्वांनी धरून ठेवले आहे. माझ्या मनात ते ठरलेले नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

लातूर जवळ असल्याने आमच्या भागात विज्ञानाला चांगले गुण मिळवणाऱ्या मुलामुलींची वाट तिकडेच जाते. वडील एसटीत वाहक आहेत. त्यांनी मला तेथील एका शिकवणीत नेले, तेव्हा दोन वर्षांचे शुल्क आणि राहण्याजेवणाचा खर्च मिळून जो आकडा सांगण्यात आला, तो ऐकून परतीच्या प्रवासात ते काहीच बोलले नाहीत. घरी आल्यावर मात्र म्हणाले, "पैशाचं मी बघतो, तू अभ्यास कर." त्यानंतर माझी शंका बोलून दाखवणे आणखी अवघड झाले.

माझी शंका अभ्यासाच्या भीतीतून आलेली नाही. आई आशा स्वयंसेविका आहे आणि सातवीपासून तिच्या नोंदवह्या भरण्यात मी मदत करते. गोवर-रुबेला लसीचा पहिला डोस बाळाला नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. गेल्या वर्षी वही भरताना माझ्या लक्षात आले की आमच्या गावात दुसऱ्या डोसाच्या रकान्यातील मोकळ्या जागा जवळजवळ सगळ्या एकाच वस्तीतील आहेत. ती ऊसतोड कामगारांची वस्ती आहे. दिवाळीच्या सुमारास कुटुंबे कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात, त्यामुळे ज्या बाळांची तारीख हिवाळ्यात येते ती निसटतात. मी तारखा लावून आईला एक यादी करून दिली, आणि त्यातील काही बाळांना निघण्यापूर्वीच डोस मिळाला. त्या आठवड्यात मला जो आनंद झाला, तसा शाळेतील कोणत्याही निकालाने झालेला नाही.

याउलट आजी अकरा दिवस रुग्णालयात होती, तेव्हा तिच्या उशाशी बसून माझा जीव घाबरा होत असे. रात्री दोन वाजता वॉर्डातून फिरणारे निवासी डॉक्टर पाहून त्यांच्याविषयी आदर वाटला. त्यांच्या जागी स्वतःला मात्र पाहता आले नाही. आजारी माणसापेक्षा वहीतील मोकळ्या रकान्याकडे लक्ष जाणे हे डॉक्टर होण्याच्या आड येते का, हा माझा खरा प्रश्न आहे.

जेवढी माहिती काढता आली तेवढी काढली आहे. नीट ७२० गुणांची असते, त्यात निम्मे गुण जीवशास्त्राचे, आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो. एमबीबीएस साडेचार वर्षांचे, त्यावर एक वर्षाची आंतरवासिता (इंटर्नशिप), आणि शासकीय महाविद्यालयातून शिकल्यास एक वर्षाची बंधपत्रित सेवा, म्हणजे प्रवेशाच्या वेळी लिहून दिलेल्या हमीनुसार करायची शासकीय सेवा. तोवर मी पंचविशीत पोहोचेन, आणि धाकटा भाऊ आता सातवीत आहे. या क्षेत्रातील मंडळींनी कृपया यशोगाथा न सांगता पहिल्या दोन वर्षांतले दिवस कसे जातात ते सांगावे, आणि गणित सोडल्याचा पुढे कुणाला पश्चात्ताप झाला का, तेही.

प्रतिसाद १

मी सध्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात बंधपत्रित सेवा करत आहे. पहिले वर्ष शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन या विषयांचे असते. शवविच्छेदन, पाठांतर आणि तोंडी परीक्षा यांत ते संपते. नीट मराठीतून देता येते, पण पुढची पुस्तके इंग्रजी असतात, आणि मराठी माध्यमातून आल्यामुळे माझे पहिले सहा महिने शब्दकोशातच गेले. रुग्णाशेजारी जीव घाबरणे हे कारण मानू नका. आजी आपली होती; परक्या रुग्णापाशी हात स्थिर होतो, आणि तो सरावानेच होतो.

तुम्ही वहीत जे केले, त्याला आमच्याकडे सामाजिक वैद्यकशास्त्र म्हणतात. एमबीबीएसमध्ये तो स्वतंत्र विषय आहे आणि त्यात पुढे एमडीही करता येते, मात्र बहुतेक विद्यार्थी त्याकडे पास होण्यापुरतेच पाहतात. त्या कामाला दुसरी वाटही आहे: संख्याशास्त्रात पदवी घेऊन देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी पदव्युत्तर शिक्षण घेता येते. गणित सोडले की ही वाट जवळपास बंद होते, तर ठेवल्याने नीटला बसण्यात काहीच अडचण येत नाही; फक्त भार वाढतो, आणि तो खराच वाढतो. माझ्या मते अकरावीपुरते तरी गणित ठेवावे.

एक गोष्ट लगेच करता येईल. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर मातांची तपासणी असते. वैद्यकीय अधिकाऱ्यांची परवानगी घेऊन आईबरोबर दिवसभर तेथे थांबा. संध्याकाळी तुम्हाला एखादी बाई आठवते, तिचा रक्तदाब का वाढला असेल हे डोक्यात घोळते, की चाळीस जणींपैकी कोण आल्या नाहीत हे घोळते, ते पाहा. दोन्ही घोळले तर पुन्हा लिहा.

धागाकर्ती

आभारी आहे. आईने परवानगी विचारायचे कबूल केले आहे. वडिलांना मी गणित ठेवण्याविषयी काल सांगितले. त्यांनी शिकवणीच्या वेळापत्रकात गणिताचा तास बसतो का, एवढेच विचारले. तो बसत नाही. गणिताचा स्वतंत्र अभ्यास करून नीट दिलेले कुणी येथे असल्यास त्यांनी दिवसाची आखणी कशी केली होती, ते कृपया लिहावे.