विरेचनाआधी तूप पचत नाहीये, मात्रा वाढवू का? (मदत हवी आहे)

कोथरूडची_मुक्ता: आईचं (वय ५४, शीतपित्त म्हणजे अंगावर पित्ताच्या गांधी) विरेचन, म्हणजे औषधाने जुलाब करवून शुद्धी, ठरलंय. त्याआधी सकाळी सातला तिक्तक घृत (कडू औषधांचं तूप) : पहिल्या दिवशी ३० मिली, काल ६०. आज ९० लिहून दिलंय, पण काल रात्रीपर्यंत तुपाचे ढेकर येत होते, डोकं अजून जड आहे. आज अजून दिलेलं नाही, वैद्य अकरानंतर भेटतील. आणि नंतरचं पथ्य किती दिवस?

रास्तापेठी: आज ९० नकोच. मात्रा पचनावर वाढते, तारखेवर नाही. तूप पचलं की ढेकर शुद्ध येतो, अंग हलकं होतं, कडकडून भूक लागते. तोवर सुंठीचं गरम पाणी घोट घोट द्या, खायला काही नको. भूक लागल्यावर मऊ भात आणि मुगाचं पातळ वरण. दुपारी झोपल्या होत्या का? गार पाणी प्यायल्या? की नऊ वाजले म्हणून भूक नसताना पोहे खाल्ले? बहुतेक वेळा यातलंच एक निघतं. या उन्हात स्कूटरवर मागे बसवून कर्वे रोडने नेऊही नका, फोनवर विचारा.

कोथरूडची_मुक्ता: दुपारी तासभर झोपली होती. तूप थांबवायचं कधी?

रास्तापेठी: शौचाला सैल, तेलकट होऊन तूप दिसायला लागलं, तुपाचा वासही नकोसा झाला, की झालं. साधारण तीन ते सात दिवसांत होतं, सातच्या पुढे ओढत नाहीत. मग तीन दिवस अभ्यंग-स्वेदन (तेलाचं मालिश आणि वाफ) आणि हलकं गरम जेवण. या दिवसांत दही, मिठाई कटाक्षाने टाळा. कफ वाढलेला असताना रेचक दिलं तर ते उलटून पडतं.

वैद्य_सदाशिवपेठ: वर सांगितलंय ते बरोबर. पथ्याचे दिवस आधी ठरत नाहीत, शुद्धीवर ठरतात. वेग, म्हणजे किती वेळा जुलाब झाले ते, मोजताना मळाचे पहिले दोन-तीन सोडून द्या. १० म्हणजे कमी शुद्धी, २० मध्यम, ३० उत्तम. शेवटी कफ पडायला हवा. उत्तम असेल तर पेया (तांदळाची पातळ पेज), विलेपी (दाट पेज), बिनफोडणीचं मुगाचं कढण, मग तूप-सैंधव घातलेलं कढण, प्रत्येकी तीन जेवणं. मध्यमला दोन-दोन, कमीला एक-एक. पेयेला तांदळाच्या चौदापट पाणी, विलेपीला चौपट. इथेच लोक घाई करतात : दुसऱ्या दिवशी बरं वाटतं म्हणून पोळी-भाजी देतात आणि आधीच मंदावलेला अग्नी (पचनशक्ती) पार बसतो.

रक्त पडलं, चक्कर आली, पोटऱ्यांत गोळे आले तर वेग मोजत बसू नका, लगेच दवाखान्यात न्या. बीपी, शुगरच्या गोळ्या चालू असतील तर वैद्यांना आजच सांगा, आपल्या मनाने बंद करू नका.