स्प्रिंगच्या स्वस्त एअर रायफलवर कोणती दुर्बीण बसवावी?

धुऱ्यावरचा (आर्वी तालुका, जिल्हा वर्धा)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे ०.१७७ बोअरची, नळी मोडून भरायची, स्प्रिंगवर चालणारी साधी देशी एअर रायफल आहे. शेतात कोठ्यामागे कागदी निशाण लावून मी आणि माझी पुतणी सराव करतो. वीस मीटरवर छर्रे आठ-नऊ सेंटिमीटरच्या आत काही येत नाहीत. अमेरिकेतील माझा मावसभाऊ रुगर १०/२२ ही पॉइंट टू टू बोअरची सेमी-ऑटोमॅटिक रायफल वापरतो. तिच्यावर त्याने चारपट मोठे दाखवणारी स्वस्त रिमफायर (म्हणजे अशा पॉइंट टू टू काडतुसांच्या रायफलींसाठीची) दुर्बीण बसवली आहे आणि तो म्हणतो की तीच घे, नेम आपोआप सुधारेल. पुतणीला पुढे जिल्हा स्पर्धेत उतरायचे आहे. तशी दुर्बीण माझ्या रायफलवर चालेल काय?

जुना नेमबाज (अमरावती)

आपल्या मावसभावाचा सल्ला त्याच्या रायफलपुरता योग्य आहे. आपल्या रायफलवर मात्र ती दुर्बीण फार काळ टिकणार नाही. पॉइंट टू टूचा धक्का सौम्य असतो आणि तो एकाच दिशेने, मागे येतो. स्प्रिंगच्या रायफलीत पिस्टन सुटताना ती आधी मागे येते आणि पिस्टन पुढे जाऊन आदळताच उलट दिशेने झटका बसतो. या दुहेरी धक्क्यासाठी न बनवलेल्या दुर्बिणीतील भिंगे आणि फुलीची तार सैल होते व नेम रोज वेगळ्या जागी जाऊ लागतो. म्हणून घ्यायचीच असेल, तर स्प्रिंगच्या एअरगनसाठी चालते असे स्पष्ट लिहिलेलीच घ्यावी.

दुसरी अडचण पॅरलॅक्सची, म्हणजे डोळा बाजूला सरकला की फुलीही निशाणावर सरकलेली दिसते त्याची. रिमफायर दुर्बिणी बहुधा ५० यार्डांवर, म्हणजे सुमारे ४६ मीटरवर जुळवलेल्या असतात. पुढचे भिंग ३२ मिलिमीटरचे असेल आणि डोळा अगदी कडेला सरकला, तर वीस मीटरवर केवळ त्यामुळे नऊएक मिलिमीटरची चूक होऊ शकते, आणि निशाण जितके जवळ तितकी ती वाढते. दहा मीटरपर्यंत पॅरलॅक्स जुळवता येणारी, चार ते नऊपट मोठे दाखवणारी दुर्बीण आपल्याला पुरे. बारा-सोळापटीच्या आकड्यांना भुलू नये, कारण त्यात चित्रापेक्षा हातांचा थरकापच मोठा दिसतो.

परंतु हे सगळे नंतरचे. छर्रे आठ-नऊ सेंटिमीटर पसरत असतील तर दोष दिसण्यात नाही, आणि दुर्बीण हा पसारा कमी करणार नाही, फक्त तो आपल्याला अधिक स्पष्ट दाखवील. दस्त्याचे स्क्रू आधी तपासा. विशेषतः नळीखाली दोन्ही बाजूंना असणारे दोन छोटे स्क्रू दर बैठकीत थोडे सुटतात आणि बहुतेकांचे तिकडे लक्षच जात नाही. मग छर्रे पाहा. स्वस्त डब्यात अनेकांच्या मागच्या पातळ कडा चेपलेल्या असतात. काचेवर घरंगळवले की चेपलेला छर्रा डगमगतो. तो सरळ बाजूला टाकावा. दोन-तीन वजनांचे छर्रे आणून प्रत्येकाचा गट (एकाच नेमावर झाडलेल्या छर्र्यांच्या छिद्रांचा पुंजका) वेगळ्या कागदावर घ्या, कारण एकाच रायफलीला सगळे सारखे मानवत नाहीत. शेवटी पकड. अशी रायफल घट्ट आवळून धरली की नेम बिघडतो. दस्ता पुढे उघड्या तळहातावर नुसता टेकवावा, खांद्याला हलका लावावा आणि तिला मोकळेपणाने उसळू द्यावे. वाळूच्या पोत्यावर थेट ठेवून झाडल्यास गट हमखास सरकतो.

मास्तर_यवतमाळ

वरील मताशी सहमत आहे. पुतणीच्या दृष्टीने एक सांगतो. दहा मीटर एअर रायफल स्पर्धेत दुर्बीण चालतच नाही. अभिनव बिंद्रा यांनी २००८ साली बीजिंगला याच प्रकारात सुवर्णपदक मिळवले, तेही मागील बारीक छिद्रातून पाहण्याच्या पीप साइटवर. त्या निशाणावरचा दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो. तिला दुर्बिणीची सवय लावू नका. उघड्या साइटवर श्वास, चाप आणि पकड पक्की होऊ द्या.

आणि सेमी-ऑटोमॅटिक रायफलचा विचार डोक्यातून काढून टाका, ती आपल्याकडे सामान्य परवान्यावर मिळत नाही. ०.१७७ बोअर आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअरगनला परवाना लागत नाही, तेवढी सवलत बरी आहे. मात्र रानडुक्कर वा रोही पिकात शिरले म्हणून तिचा वापर करू नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार तो गुन्हा ठरेल, आणि एवढ्या जोराने जनावर फक्त जखमी होईल. निशाणामागे कुटाराचे पोते नको, वाळू भरलेले ठेवा.

धुऱ्यावरचा

आभारी आहे. ते दोन स्क्रू खरोखरच सैल निघाले. पूर्ण कसले आहेत. पुतणी उघड्या साइटवरच राहील. माझ्या हौसेसाठी पुढे दुर्बीण घेतली, तर बसवताना काय पाहावे?

जुना नेमबाज (अमरावती)

दुर्बीण बसवायची रायफलवरची खाच बहुधा ११ मिलिमीटरची असते, त्याच मापाचे माउंट (दुर्बीण धरून ठेवणारी कडी) मागा. पिकाटिनी नावाच्या रुंद पट्टीसाठीचे माउंट तिच्यावर बसत नाही. धक्क्याने माउंट मागे सरकते, म्हणून अडवणारी पिन असलेले एकसंध माउंट घ्यावे. नळी मोडणाऱ्या काही रायफलींत नळी किंचित खाली झुकलेली असते आणि दुर्बिणीचा नेम वर-खाली करणारा घुंडा शेवटपर्यंत फिरवूनही छर्रा खालीच बसतो. तसे झाले तर मागील कड्याखाली पातळ पत्रा द्यावा लागतो. पाव मिनिटाच्या (हे मिनिट कोनाचे, म्हणजे अंशाचा साठावा भाग) घुंड्यावर एक टिचकी म्हणजे वीस मीटरवर जेमतेम दीड मिलिमीटर, त्यामुळे सुरुवातीला भरपूर टिचक्या द्याव्या लागल्या तरी घाबरू नका.