दाढी आहे का बघा

(सोसायटीचा ग्रुप, दिवाळीच्या आधीचा शनिवार)

कुलकर्णी वहिनी, बी ३०४ – ९:१२
माळा आवरताना सासूबाईंच्या पितळी डब्यात चांदीचे जुने रुपये सापडले. ४१ आहेत. बहुतेक काळे पडलेत. सात चिंच-मीठ लावून घासलेले आहेत, ते मस्त लखलखतायत. बाकीचेही घासून टाकू का? आणि ठेवायचे कशात?
[फोटो]

जोशी काका, ए १०१ – ९:१३
थांबा

जोशी काका, ए १०१ – ९:१३
घासू नका!!

जोशी काका, ए १०१ – ९:१४
वहिनी, बाकीच्यांना हात लावू नका. दूध गॅसवर आहे, उतरवून सविस्तर लिहितो.

पाटील (सेक्रेटरी) – ९:१५
वहिनी, आधी तो फोटो काढा. ९६ फ्लॅट, त्यात भाडेकरू, दोन एजंट, आणि गेल्या वर्षीचा पेस्ट कंट्रोलवालासुद्धा अजून या ग्रुपवर आहे.

कुलकर्णी वहिनी, बी ३०४ – ९:१५
हा संदेश हटवला आहे

पाटील (सेक्रेटरी) – ९:१६
फक्त फोटो हटवलात. “४१ आहेत” तसंच आहे वर.

रोहन, सी ५०२ – ९:१८
काकू, टाकून देऊ नका हां! मी एक रील बघितलं, वैष्णोदेवीचं ५ रुपयाचं नाणं दहा लाखाला जातंय. तुमची तर चांदीची आहेत.

जोशी काका, ए १०१ – ९:३१
रोहन, तुझ्यापासून सुरुवात करतो. वैष्णोदेवीची नाणी २०१२ची, सरकारने भरपूर काढली. कोणी त्याचे लाख देत नाही. “आधी रजिस्ट्रेशनचे अडीच हजार भरा” म्हणतात आणि मग फोन बंद. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहारात आम्ही नाही आणि कुठलं कमिशनही मागत नाही. दुसरं ते रामदरबाराचं “ईस्ट इंडिया कंपनी १८१८”. ते नाणंच नाही. कंपनीने असलं काही पाडलेलं नाही, आत्ताची ओतीव बनावट आहे. आमच्या मेव्हण्यांनी दोन घेतली, देव्हाऱ्यात पूजेला आहेत, मी काही बोलत नाही.

आता वहिनी. डबा गादीवर उपडा करा, फरशीवर नको. नाणं कडेला धरा, तोंडावर बोट लावू नका, घामाचा ठसा तसाच राहतो. आणि पहिल्यांदा राजे वेगळे करा.

कुलकर्णी वहिनी, बी ३०४ – ९:३३
राजे कसे ओळखायचे? मला सगळे सारखेच दिसतात.

जोशी काका, ए १०१ – ९:३६
बाई असेल तर व्हिक्टोरिया. १८७६ पर्यंत ‘क्वीन’, १८७७ पासून ‘एम्प्रेस’.
टक्कल, दाढी आणि डोक्यावर मुकुट नाही तो सातवा एडवर्ड.
मुकुट आणि दाढी, पाचवा जॉर्ज.
मुकुट आहे पण दाढी नाही, सहावा जॉर्ज.

कुलकर्णी वहिनी, बी ३०४ – ९:५२
बाई ५, टक्कल ३, मुकुट-दाढी २३, बिनदाढीचे १०. त्या दहांतल्या दोघांच्या मागे वाघ आहे, साल १९४७. वाघवाले सगळ्यात छान दिसतायत, अजिबात काळे नाहीत!

जोशी काका, ए १०१ – ९:५३
फ्रिजवरचं चुंबक आणा.

कुलकर्णी वहिनी, बी ३०४ – ९:५५
अगं बाई, चिकटले

जोशी काका, ए १०१ – ९:५८
निकेल. १९४७ चा रुपया निकेलचा आहे, म्हणून काळा पडत नाही. राहिलेले आठ बिनदाढीचे बघा, साल १९४० ते ४५ मध्ये असेल तर त्यात चांदी निम्मीच. महायुद्धात चांदीची ओढ लागली आणि सरकारने ४० टक्के तांबं घातलं. म्हणून ते जरा तांबूस झाक मारतात. त्याआधीचे सगळे ९१.७ टक्के. वजन एक तोळा, ११.६६ ग्रॅम. म्हणजे शुद्ध चांदी साधारण १०.७ ग्रॅम. युद्धातल्या रुपयात ५.८.

सोनार सगळे एकत्र तराजूत टाकून एकच भाव सांगायला लागला तर उठून या. तुमच्या ढिगाऱ्यात तीन प्रकारचा माल आहे.

नेहा, ए ४०४ – १०:०४
रसायनशास्त्रवाली म्हणून मध्ये बोलते. वहिनी, ते काळं म्हणजे मळ नाही. हवेतल्या गंधकाशी चांदीचा संयोग होऊन सिल्व्हर सल्फाइड होतं, म्हणजे तीसुद्धा चांदीच. चिंचेने-पावडरीने घासलं की ती सालासकट निघून जाते. ॲल्युमिनियम फॉइल, सोडा आणि गरम पाणी ही युक्ती ताट-वाटीला ठीक आहे, नाण्याला नको, पांढरंफटक मेल्यासारखं दिसतं.

कुलकर्णी वहिनी, बी ३०४ – १०:०६
अगं पण नेहा, लक्ष्मीपूजनाला काळं नाणं ठेवायचं का?

जोशी काका, ए १०१ – १०:०९
पूजेला घासलेले सात ठेवा, त्यांचं जे व्हायचं ते झालंय. संग्राहक नाण्याचे पैसे देतो ते राजाच्या केसांवर, झग्याच्या नक्षीवर किती रेघा उरल्यात त्या मोजून. पाचव्या जॉर्जच्या झग्यावर हत्ती आहे बघा, छोटासा. १९११ साली तो डुकरासारखा दिसला म्हणून केवढा गदारोळ झाला, पुढच्या वर्षी साचा बदलावा लागला. दर दिवाळीला चिंच लागली तर हत्तीही नाही, डुक्करही नाही.

फडके काका, बी १०२ – १०:१४
माझ्याकडेही राणीचे चार आहेत. मुलगा डिसेंबरात न्यू जर्सीहून येतोय, त्याच्याबरोबर देऊन टाकावे म्हणतो. पुढच्या पिढीकडे गेलेले बरे.

जोशी काका, ए १०१ – १०:१६
फडके, नको. शंभर वर्षांपुढचं नाणं १९७२च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं. खाजगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. विमानतळावर मुलाची बॅग उघडली तर सून तुम्हाला जन्मभर ऐकवेल. त्याला इथेच दाखवा, आणि एकदा नाशिकला अंजनेरीच्या नाणे-संशोधन संस्थेत घेऊन जा, तिथलं संग्रहालय बघण्यासारखं आहे.

कुलकर्णी वहिनी, बी ३०४ – १०:२१
काका!!! एकावर १९३९ दिसतंय. रोहन म्हणतोय ते फार दुर्मिळ असतं??

रोहन, सी ५०२ – १०:२१
काकू, पार्टी 🔥🔥

पाटील (सेक्रेटरी) – १०:२२
मी पुन्हा सांगतो, असले संदेश ग्रुपवर टाकू नका.

जोशी काका, ए १०१ – १०:२३
दुर्मिळ असतं, खरं आहे. म्हणूनच १९३८चा आठ खोडून नऊ केलेलेही असतात. दाढी आहे का बघा.

कुलकर्णी वहिनी, बी ३०४ – १०:२४
आहे

जोशी काका, ए १०१ – १०:२५
मग तो पाचवा जॉर्ज. ते १९३६ला वारले. तुमचं १९१९ आहे, तिसऱ्या आकड्यावर डाग बसलाय.

रोहन, सी ५०२ – १०:२५
पार्टी कॅन्सल

शिंदे ताई, ए २०३ – १०:४०
आत्ता बघतेय हे सगळं. काका, माझ्या आजेसासूबाईंचा पुतळ्यांचा हार आहे, आणि एक गिनी सुट्टी आहे. सोनं काळं पडत नाही ना, मग डब्यात कसंही ठेवलं तर चालेल?

जोशी काका, ए १०१ – १०:५२
काळं पडत नाही, पण सोनं मऊ. एकमेकांवर घासून चेहरे जातात. गिनी बांगड्यांच्या डब्यात खुळखुळत ठेवू नका. ती ७.९८ ग्रॅमची, २२ कॅरटची. घोड्याच्या खुरांखाली जी जमिनीची रेघ आहे तिच्यावर भिंगातून बघा. तिथे रोमन ‘आय’ आणि साल १९१८ असेल तर ती मुंबईच्या टांकसाळीत पडलेली आहे. तशी असेल तर सोन्याच्या भावात मोडायला देऊ नका, मला हाक मारा.

पुतळ्यांची मजा वेगळी. मूळ नाणं व्हेनिसचं, डकॅट. त्यावर त्यांचा संत उभा आणि पुढे गुडघे टेकलेला राज्यप्रमुख. आपल्याकडे व्यापारात आलं, बायकांनी त्या दोन आकृत्या बघून नाव ठेवलं पुतळी. मग आपल्याच सोनारांनी नक्कल पाडून हारात ओवली. हार मोडू नका एवढंच. कडी लावलेलं नाणं संग्राहकाच्या दृष्टीने गेलं, पण हाराची किंमत हार म्हणून आहे.

कुलकर्णी वहिनी, बी ३०४ – १०:५५
काका, ठेवायचे कशात ते राहिलंच. आत्ता जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून रबर लावलेत.

जोशी काका, ए १०१ – १०:५६
रबर काढा

नेहा, ए ४०४ – १०:५६
रबर काढा वहिनी, रबरात गंधक असतं!

जोशी काका, ए १०१ – ११:१०
माझी स्वतःची फजिती सांगतो. १९९८ मध्ये मी हौसेने मऊ प्लास्टिकचा अल्बम आणला, खिसे खिसे असलेला. उघडला की नव्या रेनकोटसारखा वास यायचा, मला तो आवडायचा. सहा वर्षांनी एडवर्डचे नऊ रुपये बाहेर काढले तर हिरवट चिकट. तो वास पीव्हीसीचा. त्यातून आम्ल सुटतं आणि नाणं खातं. ॲसिटोनने चिकटा निघाला, पण खाली पडलेले खड्डे तसेच. तेव्हापासून नियम एकच, प्लास्टिकला वास आला तर ते नाण्याला नाही.

तुम्हाला मायलरची (कडक, बिनवासाचं प्लास्टिक) पाकिटं किंवा गोल कॅप्सूल मिळतील. रुपयाला ३१ मिलिमीटरची घ्या. नाही मिळाली तोवर सुती कपड्यात एकेक वेगळा. बरोबर बुटाच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या, पावसाळ्यानंतर बदलायच्या. स्वयंपाकघरात ठेवू नका. आणि प्रत्येकाबरोबर चिठ्ठी, पेन्सिलने: साल, वजन, कोणाकडून आला. सासूबाईंना आज विचारून घ्या.

कुलकर्णी वहिनी, बी ३०४ – ११:१३
आणि लॉकर?

जोशी काका, ए १०१ – ११:१८
ठेवा, पण निर्धास्त होऊ नका. मी ३१ वर्षं बँकेत होतो. चोरी, आग किंवा कर्मचाऱ्याचा घोटाळा, अशा वेळी बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या शंभरपट, हा नियम २०२२ पासून. भाडं ३,००० असेल तर ३ लाखांवर ताणू नका. पूर-भूकंपाला तेही नाही. आत काय आहे हे बँकेला माहीत नसतं, तेव्हा दोन्ही बाजूंचे फोटो आणि वजनं घरी ठेवा. नॉमिनी भरा. निम्मे लोक भरत नाहीत आणि मग मुलं मॅनेजरपुढे उभी राहतात.

शिंदे ताई, ए २०३ – ११:२०
वजन किचनच्या काट्यावर चालेल?

जोशी काका, ए १०१ – ११:२६
तो एका ग्रॅमच्या खाली सांगत नाही. दोन दशांशाचा छोटा काटा मागवा. मग गंमत करता येते. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. नाणं दोऱ्याला बांधून पाण्यात बुडवा, तळाला-कडेला टेकवू नका. जुन्या चांदीच्या रुपयाला काटा १.१३ च्या आसपास दाखवेल. दीडच्या पुढे गेला तर आतून दुसरंच काही आहे. मी नवीन घेतलेलं प्रत्येक नाणं असं बुडवतो, बायको म्हणते हाही एक अभिषेकच.

पाटील (सेक्रेटरी) – ११:३०
टँकर १२ वाजता येईल. बी विंगने मोटर लावू नये. नाण्यांची चर्चा कृपया वैयक्तिक करावी.

कुलकर्णी वहिनी, बी ३०४ – ११:४१
पाटील साहेब, एक शेवटचं. सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. त्या म्हणतात ते सात मीच घासायला सांगितले होते, साठ वर्षं दर दिवाळीला घासतेय, माझे आहेत. जोशींनी आपले काळे ठेवावेत.

जोशी काका, ए १०१ – ११:४२
🙏 आजींपुढे काय बोलणार

कुलकर्णी वहिनी, बी ३०४ – ११:४४
आणि त्या म्हणतात ४१ नाहीत, ४२ होते. सकाळपासून कोण कोण आलं होतं विचारतायत.

जोशी काका, ए १०१ – ११:४४
वहिनी, मी अजून घराबाहेर पडलेलो नाही!

कुलकर्णी वहिनी, बी ३०४ – ११:५३
सापडला. देव्हाऱ्यातल्या कलशात आहे, सुपारीबरोबर.

जोशी काका, ए १०१ – ११:५३
पाण्यात?

कुलकर्णी वहिनी, बी ३०४ – ११:५४
हो, पण पाणी रोज बदलतात हं.