मदत हवी आहे: सासूबाई एकट्याच शिकागोहून सॅन फ्रान्सिस्कोला

नमस्कार मंडळी,

सासूबाई (वय ७१) एप्रिलपासून आमच्याकडे शिकागोजवळ आहेत. जुलैत महिनाभर नणंदेकडे फ्रीमाँटला (सॅन फ्रान्सिस्कोजवळ) जायचंय. मुंबईहून येताना सोबत सासरे होते, ते मेमध्ये परत गेले. म्हणजे एकटीने विमानात बसायची ही पहिलीच वेळ. इंग्रजी कळतं बरंचसं, पण समोरचा भरभर बोलला की त्या नुसत्या "येस, येस" म्हणतात. मला भीती त्या येसचीच आहे.

विमान ओहेअरहून (शिकागोचा विमानतळ) थेट आहे, मध्ये कुठे बदलायचं नाही. पण सकाळी ७ चं घ्यावं की १० नंतरचं, यावरून घरात दोन पक्ष पडलेत. नवरा म्हणतो पहाटेचंच घे, वेळेवर सुटतं. नणंद म्हणते अजिबात नको, धुकं असतं. जुलैत कसलं धुकं?

ओळखपत्र म्हणून भारतीय पासपोर्ट चालेल ना? इथलं दुसरं काहीच नाही त्यांच्याकडे. गुडघे दुखतात तरी व्हीलचेअर नको म्हणतात. मुंबईत बसवली तेव्हा "मी काय लंगडी आहे का?" म्हणून अर्धा तास बोलल्या नव्हत्या. गेटपर्यंत मला सोबत जाता येईल का?

आणि तूप. लेकीसाठी कढवलेलं, काचेच्या बरणीत, अर्धा किलो तरी असेल. "हातातच ठेवणार, सामानात फुटेल" हा हट्ट. शिवाय मेतकूट, लसणाची चटणी आणि वाटेत खायला थालीपीठ.

खिडकीची_सीट:
नणंदबाई बरोबर आहेत :) सॅन फ्रान्सिस्कोत उन्हाळ्यातच समुद्रावरून ढग आत येतात आणि सकाळी विमानतळावर खाली बसून राहतात. तिथल्या दोन मुख्य समांतर धावपट्ट्यांमध्ये अंतर फक्त ७५० फूट. त्यामुळे ढग खाली आले की दोन विमानं शेजारी-शेजारी उतरू शकत नाहीत, एकामागे एकच येतात. मग गर्दी होऊ नये म्हणून विमान शिकागोतच थांबवून धरतात. धुकं तिकडे, आणि तुम्ही इथे कडक उन्हात गेटवर बसलेले. ७ चं विमान तिथल्या साडेनऊच्या सुमाराला पोचतं, म्हणजे नेमकं ढगात. दुपारपर्यंत बहुतेक वेळा निवळतं. फार उशिराचंही घेऊ नका, शिकागोत उन्हाळ्यात संध्याकाळी गडगडाटी पाऊस येतो आणि सगळं कोलमडतं. १० ते ११ मधलं बघा.

तिकीट काढायला घाबरू नका. विमानकंपनीकडून थेट काढलंत आणि प्रवासाला ७ दिवस किंवा जास्त असतील, तर काढल्यापासून २४ तासांत रद्द करून पूर्ण पैसे परत मागता येतात. फक्त सगळ्यात स्वस्त प्रकार टाळा, त्यात काही कंपन्या वर ठेवायची बॅगही नेऊ देत नाहीत.

भाजणीवाली:
तूप हातात नको! पसरतं ते सगळं द्रवात धरतात, मर्यादा १०० मिली. ओली चटणीही त्यातच. बरणी दोन पिशव्यांत बांधून साडीच्या घडीत गुंडाळा आणि मोठ्या बॅगेत टाका. माझं तूप असंच तीनदा गेलंय, एकदाही फुटलं नाही. थालीपीठ खुशाल हातात. मेतकूट मात्र जास्त असेल तर तेही बॅगेतच बरं. माझी पाव किलोची पुडी एकदा बाजूला काढून कागदाने पुसून तपासली होती, आणि "व्हॉट इज धिस?"ला मेतकुटाचं इंग्रजी काय सांगणार?

जेवण फुकट मिळत नाही हे आधी सांगून ठेवा, नाहीतर त्या ट्रॉलीची वाट बघत बसतील.

ओहेअरचा_वारकरी:
पासपोर्ट चालतो. मे २०२५ पासून रिअल आयडीची (इथल्या राज्यांचं नव्या नियमांचं ओळखपत्र) सक्ती झाली, पण परदेशी पासपोर्ट मान्य आहे. देशांतर्गत प्रवास, इमिग्रेशन पुन्हा नाही. जुलै २०२५ पासून बूटही सहसा काढावे लागत नाहीत.

गेटपर्यंत सोडायला काउंटरवर सोबतीचा पास मागा. हक्काचा नाही, पण वयस्कर एकट्या प्रवाशासाठी बहुधा देतात. तुमचं ओळखपत्र न्या, तुमचीही तपासणी होईल. व्हीलचेअर तिकिटातच नोंदवा. टर्मिनल १ मध्ये सी गेट आलं तर जमिनीखालच्या बोगद्यातून जावं लागतं. डोक्यावर रंगीत निऑन दिवे आहेत, त्यांना आवडेल, पण गुडघ्यांना लांब पडेल.

नणंदेला पासची गरज नाही. इथे सामानाच्या पट्ट्यापर्यंत कोणीही आत येऊ शकतं, मुंबईसारखं दाराबाहेर पाटी धरून उभं राहायला नको. आणि एक महत्त्वाचं: वरची जागा भरली की गेटवरच हातबॅग मागून घेतात. गोळ्या, पासपोर्ट, फोन, सोनं खांद्याच्या पर्समध्येच ठेवा. तुमच्या त्या "येस, येस"मध्ये बीपीच्या गोळ्या पोटात जायच्या... म्हणजे विमानाच्या :)

धागाकर्ती:
सगळ्यांचे खूप आभार! सव्वादहाचं काढलं, व्हीलचेअर नोंदवली. "गुडघ्यासाठी नाही, रस्ता दाखवायला माणूस मिळतो म्हणून" असं सांगितल्यावर तयार झाल्या. पर्समध्ये मोठ्या अक्षरात एक कागद ठेवतेय: गेट, सीट, नणंदेचा नंबर, आणि "कृपया सावकाश बोला" इंग्रजीत.

तूप बॅगेत जायला राजी आहेत, पण साडीत नाही, साडीला वास लागेल म्हणे. माझ्या जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळलंय.

आता नवीनच प्रश्न. सव्वादहाला निघून पाऊणला पोचायचं, मग साडेचार तास कसे, हे दोनदा समजावलं. शिकागो दोन तास पुढे आहे, हे पटलं. पण मनगटावरचं घड्याळ त्यांनी भारताच्या वेळेवरच ठेवलंय, सासऱ्यांना फोन करायला, आणि ते बदलणार नाहीत. फोनवर तिन्ही वेळा एकत्र मोठ्या आकड्यांत दिसतील असं मराठीतलं ॲप कोणी वापरतं का?