सर्वेक्षक ट्रेड करू की सिव्हिल डिप्लोमा?

चोपड्याचा मुलगा: नमस्कार मंडळी. बारावी सायन्स झालंय. मार्चमध्ये आमच्या केळीच्या शेताची हद्द कायम मोजणी झाली. साहेब काठीवर रोव्हर, म्हणजे उपग्रहांवरून नेमकी जागा दाखवणारं यंत्र, धरून खुणा देत होते, मी दिवसभर मागे फिरलो. तेव्हापासून हेच काम करायचं मनात आहे. पप्पा डिप्लोमा म्हणतात, मला आयटीआयचा सर्वेक्षक ट्रेड करायचाय. पोट भरेल का यावर?

भालोदकर: भाऊ, मी ट्रेड करून १४ वर्षं खाजगीत आहे, पोट भरतंय. भूकरमापक म्हणजे सरकारी जमीन मोजणारा, त्याच्या परीक्षेला ट्रेड आणि डिप्लोमा दोन्ही चालतात. टायपिंगही लागतं, मिनिटाला मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्द, ते लवकर उरक. भरती दरवर्षी निघत नाही, तिच्यावरच बसून राहू नको. तुझं सायन्स आहे, म्हणजे डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला बसता येईल. वेळ दोन्हीला दोनच वर्षं. पप्पांचं ऐकण्यात तोटा नाही, पुढे डिग्रीचाही रस्ता राहतो.

पण कुठेही गेलास तरी जुनं टिपण, म्हणजे शेताच्या मूळ मोजणीची मापं लिहिलेला कागद, वाचायला शीक. मला मोजायची साखळी आणि प्लेन टेबल (शेतातच नकाशा काढायचा फळा) यांचा कंटाळा यायचा, लक्ष सगळं टोटल स्टेशनकडे, म्हणजे कोन आणि अंतर मोजणाऱ्या यंत्राकडे. मग दोन भावांच्या वाटणीचं काम आलं. दोघं बांधावर समोरासमोर उभे, आणि टिपणातली मापं साखळी-आण्यांत. शंकू साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. मला काही उमगेना. सोबतच्या निवृत्त भूकरमापक काकांनी आणे मोजले, बाभळीखाली खणायला लावलं. हातभर खाली हद्दीचा दगड निघाला. दोघं भाऊ गप्प झाले. त्या रात्री मी घरी जाऊन टिपणं काढून बसलो.

शहाद्याची ताई: मी साक्रीकडे सौर प्रकल्पाच्या साइटवर आहे. आराखडे काढायला ऑटोकॅड शीक, सोबत नकाशांसाठी क्यूजीआयएस, ते सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ड्रोनचं रिमोट पायलट सर्टिफिकेट दहावी पास आणि १८ पूर्ण असलं की काढता येतं. धडगावच्या डोंगरात मोबाईलला रेंज नव्हती, रोव्हरला दुरुस्तीची माहिती नेटवरून मिळेना, म्हणून आम्ही स्वतःचा बेस (एका जागी ठेवून ती माहिती पाठवणारं यंत्र) उभा करून रेडिओवर रोव्हर चालवला. मुलींनीही यावं या कामात, उन्हाची सवय होते.

चोपड्याचा मुलगा: आमच्या केळीत रोव्हर सारखा अडत होता, ते कशामुळे?

भालोदकर: पानांआड उपग्रह नीट सापडत नाहीत. शेताबाहेर मोकळ्यावर दोन बिंदू पक्के घ्यायचे, एकावर टोटल स्टेशन लावायचं, दुसरा धरून दिशा बांधायची आणि ओळीओळीने आत यायचं. रविवारी यावलकडे असंच काम आहे, टोपी घालून ये.